ऑटो लेमान

ऑटो लेमान (जन्म : कॉन्स्टान्झ, १३ जानेवारी, इ.स. १८५५, मृत्यू : कार्ल्सरूह, १७ जून, इ.स. १९२२) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होते. द्रव स्फटिकांच्या अभ्यासाचे ते जनक मानले जातात. द्रवाप्रमाणे वाहणारा, पण प्रकाशावर स्फटिकासारखा परिणाम करणारा पदार्थ अस्तित्वात असतो, हे त्यांनी १८८९ मध्ये मांडले आणि आयुष्याची उरलेली ३३ वर्षे प्रामुख्याने हाच विषय लावून धरला. त्यांच्या हयातीत या शोधाचा व्यवहारात फारसा उपयोग झाला नाही आणि अनेक मान्यवर शास्त्रज्ञांना तो मान्यही नव्हता. आज मनगटी घड्याळे, गणकयंत्रे, संगणक आणि दूरचित्रवाणी संच यांत वापरले जाणारे एलसीडी पडदे, म्हणजेच द्रव स्फटिक पडदे, पदार्थाच्या याच अवस्थेवर चालतात.

बालपण व शिक्षण

लेमान यांचा जन्म त्या वेळच्या बाडेन संस्थानातील कॉन्स्टान्झ या गावी झाला. त्यांचे वडील फ्रान्झ झेवियर लेमान हे शाळेत गणिताचे शिक्षक होते आणि त्यांना सूक्ष्मदर्शकाची मोठी आवड होती. सूक्ष्मदर्शक हाताळण्याची आणि केलेल्या प्रत्येक निरीक्षणाची काटेकोर नोंद ठेवण्याची सवय ऑटो यांना घरातूनच लागली. ही सवय त्यांनी जन्मभर सोडली नाही.

१८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर आल्सेस प्रांत जर्मनीकडे आला आणि १८७२ मध्ये स्ट्रासबुर्ग येथील विद्यापीठाची नव्याने उभारणी झाली. त्याच वर्षी लेमान यांनी तेथे प्रवेश घेतला. प्रसिद्ध स्फटिकवैज्ञानिक पाउल ग्रोट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेटसाठी काम केले. एकाच रासायनिक पदार्थाची एकापेक्षा अधिक स्फटिकरूपे कशी होतात आणि तापमान बदलले की एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर कसे होते, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १८७७ मध्ये त्यांचे विद्यापीठीय शिक्षण पूर्ण झाले.

तापणारा सूक्ष्मदर्शक

स्फटिकरूपातील बदल पाहायचे तर पदार्थ तापवावा लागतो आणि तो तापत असतानाच पाहावा लागतो. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात अशी सोय नव्हती. लेमान यांनी स्वतःच तसे उपकरण तयार केले. त्यात नमुन्याच्या काचपट्टीखाली लहान ज्योत असे आणि हवेच्या झोताने नमुना थंड करता येई. ज्योत कमीजास्त करून पदार्थ वितळताना, गोठताना किंवा एका स्फटिकरूपातून दुसऱ्यात जाताना डोळ्यांसमोर पाहता येत असे. या उपकरणाला स्फटिकीभवन सूक्ष्मदर्शक असे नाव पडले. पुढील अनेक वर्षे लेमान त्यात सुधारणा करीत राहिले.

या सूक्ष्मदर्शकाला त्यांनी प्रकाशाचे ध्रुवण करणारे दोन लोलक जोडले होते. त्यांचे काम समजल्याशिवाय लेमान यांचा शोध समजत नाही. साध्या प्रकाशाची कंपने त्याच्या मार्गाला लंब असलेल्या सर्व दिशांना होत असतात. ध्रुवण करणाऱ्या लोलकातून, म्हणजे ध्रुवकातून, केवळ एकाच दिशेची कंपने पार होतात. पहिल्या ध्रुवकापुढे दुसरा ध्रुवक काटकोनात ठेवला तर पहिल्यातून आलेला प्रकाश दुसरा अडवतो आणि दृष्टिक्षेत्र काळे दिसते. या दोहोंच्या मध्ये पाणी किंवा साधा वितळलेला पदार्थ ठेवला तरी अंधार कायम राहतो, कारण त्यांतील रेणूंना ठरावीक दिशा नसते. मात्र बहुतेक स्फटिकांमध्ये रेणूंची मांडणी ठरावीक दिशांना असते. अशा स्फटिकात प्रकाशाचे दोन भाग होऊन ते वेगवेगळ्या वेगाने जातात. यास द्विप्रणमन म्हणतात. या क्रियेत प्रकाशाच्या कंपनांचे स्वरूप बदलते, त्याचा काही भाग दुसऱ्या ध्रुवकातून पार होतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर स्फटिक चकाकताना दिसतो. म्हणूनच काटकोनातील ध्रुवकांमध्ये दिसणारी चमक ही स्फटिकाची खूण समजली जाई.

१८७० च्या दशकात लेमान यांनी सिल्व्हर आयोडाइड या पदार्थाचा अभ्यास केला. सुमारे १४६ अंश सेल्सियसच्या वर हा पदार्थ स्फटिकरूपात असूनही दाबाखाली दाट द्रवासारखा पसरतो, असे त्यांना आढळले. कठीणपणा हे स्फटिकाचे आवश्यक लक्षण नसावे, ही शंका त्यांच्या मनात तेव्हाच निर्माण झाली होती.

अध्यापन

शिक्षणानंतर लेमान यांनी आल्सेसमधील म्यूलहाउझेन येथील शाळेत भौतिकी, गणित आणि रसायनशास्त्र शिकवले. १८८३ मध्ये ते आखेन येथील तांत्रिक महाविद्यालयात रुजू झाले. तेथे असताना त्यांनी आण्विक भौतिकीवरील दोन खंडांचा विस्तृत ग्रंथ लिहिला. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या त्यांच्या असंख्य निरीक्षणांचे संकलन आहे. हा ग्रंथ १८८८-८९ मध्ये प्रसिद्ध झाला. तापमानानुसार बदलणाऱ्या स्फटिकांचा जाणकार म्हणून त्यांचे नाव या सुमारास जर्मन भाषक विद्वानांत परिचित झाले होते.

रायनित्झर यांचे पत्र

१४ मार्च १८८८ रोजी फ्रीड्रिख रायनित्झर यांनी प्राग येथून लेमान यांना पत्र लिहिले. रायनित्झर प्रागच्या जर्मन विद्यापीठात वनस्पतींच्या शरीरक्रियांच्या रसायनशास्त्रावर काम करीत होते. गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलचा अभ्यास करताना त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ १४५.५ अंश सेल्सियसला वितळून गढूळ द्रव बनत असे आणि १७८.५ अंशांना तो गढूळपणा एकाएकी नाहीसा होऊन स्वच्छ, पारदर्शक द्रव तयार होत असे. थंड करताना हेच बदल उलट क्रमाने होत आणि त्या वेळी निळे-जांभळे रंगही चमकून जात. शुद्ध पदार्थाला एकच वितळबिंदू असतो, हा रसायनशास्त्रातील मूलभूत समज होता आणि पदार्थाची शुद्धता तपासण्याची ती कसोटीही होती. एकाच पदार्थाला दोन वितळबिंदू असल्यासारखे दिसणे या समजाला छेद देणारे होते.

रायनित्झर यांनी पत्रासोबत पदार्थाचे नमुनेही पाठवले. लेमान यांनी ते आपल्या तापणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. दोन्ही तापमानांच्या मधल्या अवस्थेत पदार्थ निःसंशय वाहत होता, तरीही काटकोनातील ध्रुवकांमध्ये तो स्फटिकाप्रमाणे चमकत होता. १७८.५ अंश ओलांडताच ती चमक नाहीशी होई आणि दृष्टिक्षेत्र काळे पडे. म्हणजे गढूळ द्रवात रेणूंची काहीतरी शिस्त होती आणि वरच्या तापमानाला ती मोडत होती.

सुरुवातीला द्रवात सूक्ष्म स्फटिक तरंगत असावेत, या शक्यतेचाही लेमान यांनी विचार केला. परंतु द्रव आणि स्फटिक असे दोन वेगळे घटक त्यांना कुठेच दिसेनात. अखेर हा द्रव स्वतःच स्फटिकरूप आहे, या निष्कर्षाला ते आले. ऑगस्ट १८८९ मध्ये त्यांनी भौतिकी-रसायनशास्त्राच्या प्रमुख जर्मन नियतकालिकात वाहणाऱ्या स्फटिकांविषयीचा आपला लेख प्रसिद्ध केला. द्रव स्फटिकांच्या अभ्यासाचा प्रारंभ या लेखापासून धरला जातो.

या शोधाचे श्रेय कोणाचे, यावरून पुढे मतभेद झाले. १९०८ मध्ये रायनित्झर यांनी द्रव स्फटिकांच्या इतिहासावर टिपण प्रसिद्ध करून आपला वाटा नोंदवला. दोन वितळबिंदूंची घटना ओळखून ती पडताळण्याचे श्रेय रायनित्झर यांचे, तर ती पदार्थाची वेगळी अवस्था असल्याचे मांडून तिला नाव देण्याचे आणि तिच्या अभ्यासाची शाखा उभी करण्याचे श्रेय लेमान यांचे, असे आज सामान्यतः मानले जाते.

कार्ल्सरूह

१८८८ मध्ये लेमान आखेन सोडून ड्रेस्डेन येथे गेले. पुढच्याच वर्षी त्यांची कार्ल्सरूह येथील तांत्रिक महाविद्यालयात भौतिकीचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. ही जागा हाइनरिख हर्ट्झ बॉनला गेल्यामुळे रिकामी झाली होती. विद्युतचुंबकीय तरंगांचे अस्तित्व सिद्ध करणारे हर्ट्झ यांचे प्रयोग याच संस्थेत झाले होते. लेमान अखेरपर्यंत कार्ल्सरूह येथेच राहिले.

१८९० मध्ये लुडविग गॅटरमान यांनी पॅरा-ॲझॉक्सिॲनिसोल हा कृत्रिम पदार्थ तयार केला. त्यातही तीच वाहती स्फटिकावस्था दिसली आणि ही घटना केवळ कोलेस्टेरॉलच्या संयुगांपुरती मर्यादित नाही, हे स्पष्ट झाले. या पदार्थाचे लहान थेंब लेमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि थेंबातील रेणूंची दिशा कशी वळत जाते, याच्या अनेक आकृत्या काढल्या. काही पदार्थ दाट आणि चिकट असून काही पाण्यासारखे सहज वाहतात, हे लक्षात घेऊन त्यांनी वाहते स्फटिक आणि द्रव स्फटिक असा भेदही केला. काचेच्या पृष्ठभागाजवळ या रेणूंना विशिष्ट दिशा प्राप्त होते, हे त्यांच्या निरीक्षणात आले होते. १९०० मध्ये, खालून उष्णता दिली असता काही पदार्थांच्या थेंबांतील रचना सतत फिरत राहते, असे त्यांनी नोंदवले. ही घटना लेमान परिणाम या नावाने ओळखली जाते. १९०४ मध्ये त्यांचा द्रव स्फटिकांवरील सचित्र बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला.

द्रव स्फटिकांखेरीज विरळ वायूंमधील विद्युत विसर्ग या विषयावरही त्यांनी संशोधन व लेखन केले. भौतिकीचे प्रयोग कसे मांडावेत, याविषयीच्या फ्रिक यांच्या प्रसिद्ध हस्तपुस्तिकेची सुधारित आवृत्तीही त्यांनी तयार केली.

पायस की नवी अवस्था?

लेमान यांच्या निष्कर्षाला कडवा विरोध झाला. स्फटिक म्हणजे अणुरेणूंची त्रिमितीय जाळी आणि द्रव म्हणजे अशा जाळीचा अभाव, ही त्या काळाची धारणा होती. या धारणेनुसार द्रव स्फटिक ही संज्ञाच परस्परविरोधी ठरत होती. विरोधकांत गुस्ताव तामान हे प्रमुख होते. गढूळ द्रव म्हणजे पायस, अर्थात दुधाप्रमाणे एका द्रवात दुसऱ्या द्रवाचे न मिसळलेले सूक्ष्म थेंब, असे त्यांचे म्हणणे होते. पदार्थ नीट शुद्ध केला की गढूळपणा जाईल, असा त्याचा अर्थ होत होता. वाल्टर नर्न्स्ट यांनीही हे एकाच पदार्थाच्या दोन रूपांचे मिश्रण असावे, अशी शंका घेतली.

हा आक्षेप निराधार म्हणून सोडून देता येण्यासारखा नव्हता. अशुद्ध पदार्थ हा रसायनशास्त्रातील फसगतीचा नेहमीचा मार्ग होता आणि सूक्ष्मदर्शकात दिसणारी चमक एवढाच लेमान यांचा मुख्य पुरावा होता. त्यामुळे वाद प्रयोगांनीच सुटणे आवश्यक होते. रुडॉल्फ शेंक आणि इतरांनी पदार्थ पुन्हापुन्हा शुद्ध केले, तरी गढूळपणा गेला नाही. घटक वेगळे करण्याचे प्रयत्नही निष्फळ ठरले. पदार्थ जितका शुद्ध, तितका अवस्थांतराचा बिंदू अधिक निश्चित होत गेला. मिश्रणाच्या बाबतीत असे होत नाही.

हाले येथील रसायनशास्त्रज्ञ डॅनिएल फोरलेंडर यांनी या अवस्थेत जाणारे शेकडो पदार्थ तयार केले. रेणू जितका लांबट आणि सरळ, तितकी द्रव स्फटिक बनण्याची त्याची प्रवृत्ती अधिक, हे त्यांनी दाखवले. ही अवस्था रेणूच्या आकारावर अवलंबून असल्याचे दिसल्यावर ती अशुद्धतेमुळे येते, असे म्हणणे कठीण झाले. १९०९ मध्ये लेमान यांनी पॅरिस येथे प्रात्यक्षिकांसह व्याख्यान दिले आणि फ्रेंच शास्त्रज्ञांमध्येही या विषयाची गोडी निर्माण झाली.

सजीवतेचा आभास

द्रव स्फटिकांचे काही थेंब वाढतात, एकमेकांत मिसळतात, दुभंगतात आणि किड्यांसारखी हालचाल करतात. हे पाहून लेमान यांना सजीवांशी त्यांचे साम्य जाणवले. १९०६ मध्ये त्यांनी द्रव स्फटिक आणि जीवनाविषयीचे सिद्धान्त या विषयावर लेखन केले. जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्फटिकांच्या आत्म्याविषयीच्या पुस्तकावर लेमान यांच्या निरीक्षणांचा प्रभाव होता.

लेमान यांनी या साम्याला दिलेले महत्त्व अनेक भौतिकशास्त्रज्ञांना पटले नाही आणि त्यामुळे त्यांच्या मूळ शोधाकडेही काही जण संशयाने पाहू लागले. थेंबांची हालचाल हे जीवनाचे लक्षण नव्हते. तथापि पेशींच्या आवरणातील मेद रेणूंची मांडणी द्रव स्फटिकांसारखी असते, हे विसाव्या शतकातील संशोधनाने दाखवले. साम्य खरे होते, पण त्याचा अर्थ लेमान यांना अभिप्रेत असलेल्या अर्थाहून वेगळा होता.

अखेरची वर्षे

१९१३ ते १९२२ या काळात लेमान यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी अनेकदा सुचवले गेले, पण ते त्यांना मिळाले नाही. १७ जून १९२२ रोजी कार्ल्सरूह येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज फ्रीडेल यांनी या पदार्थांचे नेमॅटिक, स्मेक्टिक आणि कोलेस्टेरिक असे वर्गीकरण प्रसिद्ध केले. नेमॅटिक प्रकारात लांबट रेणू साधारण एका दिशेला तोंड करून असतात, पण कोठेही सरकू शकतात. स्मेक्टिक प्रकारात ते थरांमध्ये रचलेले असतात. कोलेस्टेरिक प्रकारात रेणूंची दिशा जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे क्रमाने वळत जाते आणि रायनित्झर यांना दिसलेल्या रंगांचे मूळ या वळणात आहे. द्रव स्फटिक हे नाव फ्रीडेल यांना पसंत नव्हते. त्यांच्या मते हे पदार्थ द्रवही नव्हते आणि स्फटिकही नव्हते, तर दोहोंच्या मधली स्वतंत्र अवस्था होते. ही अवस्था खरी असल्याबद्दल मात्र त्यांना शंका नव्हती. त्यांचे वर्गीकरण मान्य झाले, पण नाव लेमान यांचेच टिकले.

पडद्यापर्यंतचा प्रवास

पडद्याच्या रचनेला लागणाऱ्या काही गोष्टी लेमान यांच्या हयातीतच ज्ञात झाल्या होत्या. १९११ मध्ये शार्ल मोगँ यांनी दोन काचांमधील नेमॅटिक थराला पीळ देता येतो आणि ध्रुवित प्रकाशाची कंपनदिशा त्या पिळाबरोबर वळते, हे दाखवले. १९२७ मध्ये व्हसेव्होलोद फ्रेडरिक्स यांनी बाह्य क्षेत्राच्या प्रभावाने या रेणूंची दिशा बदलण्याच्या घटनेचा सविस्तर अभ्यास केला. त्यानंतर मात्र कित्येक वर्षे हा विषय मोजक्या अभ्यासकांपुरता राहिला.

१९६८ मध्ये अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने द्रव स्फटिकांचे पहिले प्रदर्शक पडदे जाहीर केले. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधील हॉफमन-ला रोश कंपनीचे मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फरिश यांनी पीळ दिलेल्या नेमॅटिक थराच्या पडद्यासाठी एकस्वाचा अर्ज केला. अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनीही हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली. नेहमीच्या तापमानात टिकणारे पदार्थ मिळवणे ही मोठी अडचण होती. इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी सायनोबायफिनाइल वर्गातील स्थिर पदार्थ तयार करून ती दूर केली. भारतात बंगळूर येथील रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी या विषयाची प्रयोगशाळा उभारली. त्यांच्या गटाने १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रव स्फटिक बनतात, हे दाखवले.

पिळाच्या पडद्यात दोन काचांमध्ये काही मायक्रोमीटर जाडीचा नेमॅटिक थर असतो. काचांच्या आतील बाजूंना पारदर्शक विद्युतवाहक लेप आणि त्यावर एका दिशेने घासलेला पातळ थर असतो. या घासण्याच्या दिशेने रेणू लागतात. दोन्ही काचांवरील दिशा एकमेकींशी काटकोनात असल्याने मधल्या रेणूंना ९० अंशांचा पीळ पडतो. बाहेरून दोन्ही बाजूंना एकमेकांशी काटकोनात ठेवलेले ध्रुवक असतात. विद्युतदाब नसताना प्रकाशाची कंपनदिशा पिळाबरोबर ९० अंशांनी वळते, प्रकाश दुसऱ्या ध्रुवकातून पार होतो आणि जागा उजळ दिसते. विद्युतदाब दिला की रेणू काचांना लंब उभे राहतात, पीळ नाहीसा होतो आणि प्रकाश अडतो. दाब मधल्या पातळीवर ठेवल्यास करड्या छटा मिळतात. एकाच दिशेचा दाब सतत दिल्यास पदार्थाचे विघटन होण्याचा धोका असल्याने दाबाची दिशा सतत उलटसुलट केली जाते.

द्रव स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत, तो केवळ कमीजास्त करतात. म्हणून संगणकाच्या व दूरचित्रवाणीच्या पडद्यामागे दिवे असतात, तर घड्याळात परावर्तित प्रकाश वापरला जातो. रंगीत पडद्यात प्रत्येक चित्रबिंदूचे लाल, हिरवा आणि निळा अशा गाळण्या लावलेले तीन भाग असतात. प्रत्येक भागावरचा दाब काचेवरच घडवलेल्या सूक्ष्म ट्रान्झिस्टरने स्वतंत्रपणे राखला जातो.

महत्त्व

लेमान यांचे सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत, परंतु ज्या एका निष्कर्षावर सर्वाधिक वाद झाला तो टिकला. शिस्त आणि प्रवाहीपणा एकाच पदार्थात एकत्र नांदू शकतात, हे मान्य झाल्यामुळे पदार्थाच्या घन, द्रव आणि वायू या तीन अवस्थांची पारंपरिक विभागणी अपुरी ठरली. १९९१ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पियेर-जिल द जेन यांना मिळालेले नोबेल पारितोषिक मुख्यतः द्रव स्फटिक आणि बहुवारिक यांतील शिस्तीच्या अभ्यासासाठी होते. पडद्याच्या रचनेतही लेमान यांच्या प्रयोगाची मांडणी कायम आहे. काटकोनातील दोन ध्रुवक आणि त्यांच्यामध्ये द्रव स्फटिकाचा पातळ थर एवढीच सामग्री त्यांच्या सूक्ष्मदर्शकात होती. त्या थरातील शिस्त लेमान उष्णतेने मोडत असत, पडद्यात रेणूंची दिशा विजेने बदलली जाते.